धुळ्यात राहिलेलं गाणं

प्रेमराज पाटलांच्या घरी कूलर एकच होता आणि तो रेकॉर्डींसाठी होता.

पिंप्राळ्यातल्या त्यांच्या घराची मधली खोली सगळ्यांत सावलीची. तिथे भिंतभर लाकडी कपाट होतं आणि कपाटात उभ्या लावलेल्या रेकॉर्डी. जळगावच्या उन्हाळ्यात रेकॉर्ड चुकून गच्चीच्या खोलीत राहिली, तर संध्याकाळपर्यंत तिचा पापड होतो. एकदा तसं झालं होतं, आणि त्या दिवशी प्रेमराज जेवले नव्हते. तेव्हापासून मार्च लागला की कूलर मधल्या खोलीत जायचा. तोही थेट कपाटासमोर ठेवायचा नाही, कारण ओलीने कव्हरांना बुरशी लागते. जरा तिरका ठेवायचा, खोली गार होईल पण कागद दमट होणार नाही असा. त्यांची बायको रत्ना स्वयंपाकघरात घाम पुसत म्हणायची, "या घरात गार हवा आधी अमेरिकेतल्या बायकांना, उरली तर आम्हाला."

अमेरिकेतल्या बायका म्हणजे त्या रेकॉर्डींवर गाणाऱ्या. प्रेमराज भुसावळला रेल्वेच्या लोको शेडमध्ये फिटर होते. तरुणपणी त्यांच्या क्वार्टरशेजारी एक अँग्लो-इंडियन ड्रायव्हर राहायचा. ते कुटुंब ऑस्ट्रेलियाला निघालं, तेव्हा सामान वाटून टाकताना त्याच्या बायकोने प्रेमराजला एक जुना प्लेयर आणि खोकंभर रेकॉर्डी दिल्या. काळ्या गायकांची गाणी होती ती. चर्चमध्ये गात वाढलेली माणसं, पुढे प्रेमाची आणि विरहाची गाणीही त्याच जिवाच्या आकांताने म्हणणारी. या गाण्याला सोल म्हणतात, एवढं तिने सांगितलं होतं. प्रेमराजला इंग्रजी कामापुरतं येत होतं, गाण्यातलं तर जेमतेम. पण पहिल्याच रेकॉर्डमधली बाई गायला लागली आणि हा माणूस खाली बसला. त्यांचं गाव पारोळ्याच्या बाजूचं. कानबाईच्या जागरणात त्यांची आई जशी आवाज चढवायची, तसाच हा आवाज त्यांना वाटला. रात्रपाळीच्या मित्रांना ते अहिराणीत सांगायचे, "ती रडस बी आनि दटावस बी. एकच टाइमले!"

कॉलनीत कुणी विचारलं, "पाटील, काय जमवता तुम्ही?" आणि ते म्हणाले, "सोल," की समोरचा त्यांच्या चपलांकडे बघायचा. त्याचं त्यांना काही वाटत नसे. भुसावळ, इगतपुरी, मनमाड, जिथे जिथे रेल्वेची जुनी वस्ती होती, तिथल्या भंगारवाल्यांशी त्यांनी ओळख ठेवली होती. रेकॉर्डीच नाहीत, तर बिल्ले, पोस्टरं, कुण्या गायिकेच्या कार्यक्रमाचं अर्धं फाडलेलं तिकीट, असं सगळं त्यांनी काचेखाली लावून ठेवलं होतं. ते तिकीट इकडे कसं आलं असेल, याच्या निरनिराळ्या गोष्टी ते पाहुण्यांना सांगत. प्रत्येक वेळी वेगळी.

रत्नाला यातलं काही आवडत नव्हतं, असं नाही. तिने लक्षच दिलं नव्हतं. ती यावलची, केळीच्या बागांतून वाढलेली, कामाला वाघीण. तिच्या लेखी तो आवाज घरातल्या पंख्यासारखा होता, चालू असतो एवढंच.

संक्रांत होऊन थोडे दिवस झाले होते. सकाळी चहा पिताना प्रेमराजच्या हातातून कप निसटला. रत्नाने वर पाहिलं तर त्यांचं तोंड एका बाजूला ओढलेलं. काही सांगायचा प्रयत्न करत होते, पण निघत होता तो नुसता घोगरा आवाज. शेजारच्या बेबाबाईंच्या मुलाने गाडी काढली, दवाखाना गाठला, जीव वाचला. उजवा हात लुळा पडला, पाय हळूहळू सुधारत गेला. बोलणं मात्र गेलं.

समजत सगळं होतं. रत्ना काही म्हणाली की मान हलवायचे, डोळ्यांनी हसायचे. पण शब्द ओठांपर्यंत येऊन अडायचा. मग ते डाव्या मुठीने गादीवर मारायचे. दिवसभर बडबड करणारा माणूस. गॅस सिलिंडर घेऊन आलेल्यालाही बसवून गाणं ऐकवणारा. घर इतकं गप्प झालं की रत्नाला भांडी घासताना स्वतःच्याच आवाजाची भीती वाटायची. महिनाभर तिने प्लेयरवरचं फडकं काढलं नाही. आजारी माणसाला गोंगाट नको, असं तिला वाटलं.

बोलणं शिकवायला सारिका नावाची मुलगी घरी येऊ लागली. तिचं शिक्षणच त्यातलं. चित्रं दाखवायची, शब्द म्हणून घ्यायची. गाय, घर, पाणी. प्रेमराज चिडायचे. एकदा तिने भिंतीवरची पोस्टरं पाहिली आणि विचारलं, "काकू, काकांना गाण्याची आवड आहे?"

"आवड?" रत्ना म्हणाली. "माझ्या सवती आहेत त्या कपाटात."

"मग लावत का नाही? बोलण्याचं काम मेंदूच्या एका बाजूचं असतं, गाण्याचं बरंचसं दुसऱ्या. ज्यांना बोलता येत नाही त्यांना कधी कधी गाता येतं. करून तर बघू."

प्लेयर कसा लावायचा हे रत्नाला माहीत नव्हतं. इतक्या वर्षांत तिला हात लावू दिला नव्हता, हेही खरं. पलंगावरून प्रेमराज डोळे वटारून सूचना देत होते आणि तिला त्या कळत नव्हत्या. सुई टेकली, खरखर झाली, मग बाजा वाजला आणि एक बाई गायला लागली. प्रेमराजने डोळे मिटले. दुसरं कडवं आलं आणि त्यांच्या तोंडातून त्या बाईच्या बरोबरीने शब्द निघाले. वाकडेतिकडे, पण शब्द. इंग्रजी.

सारिकाने हळूच टाळी वाजवली. रत्ना दाराला टेकून उभी राहिली. नवऱ्याचा आवाज तिने कितीतरी दिवसांनी ऐकला होता, आणि तो काय म्हणतोय ते तिला कळत नव्हतं.

मग रोजचाच शिरस्ता झाला. सकाळची कामं आटोपली की रत्ना एक रेकॉर्ड लावायची. प्रेमराज जमेल तितकं गायचे. सारिका त्याच चालीवर मराठी शब्द बसवायची. "पाणी दे", "चहा दे". चालीवर म्हणताना ते कधी जमायचं, पण गाणं थांबलं की शब्द परत हरवायचा. "वेळ लागेल," सारिका म्हणायची.

होळीनंतर प्रेमराज एक वेगळीच चाल गुणगुणायला लागले. रेकॉर्ड बंद असतानाही. खिडकीकडे बघत, डाव्या बोटांनी पलंगाच्या कडेवर ठेका धरत. चाल आधी खाली खाली उतरत जायची आणि मग एकदम उंच चढायची. चढतानाच ते अडायचे. पुढचं आठवायचं नाही. पुन्हा पहिल्यापासून. पुन्हा तिथेच अडायचे. डोळ्यांत पाणी यायचं.

रत्नाने ठरवलं, ही रेकॉर्ड शोधायची. तिने कपाटाच्या एका टोकापासून सुरुवात केली. एक एक रेकॉर्ड काढायची, लावायची, थोडं ऐकायची आणि नवऱ्याकडे बघायची. ते मान हलवायचे, नाही. पुढची. नाही. अशाने चैत्र गेला. नाशिकहून त्यांची मुलगी हेमांगी आली होती. तिने फोनमधल्या ॲपला ती चाल गुणगुणून दाखवली, तर ॲपने कुठलं तरी लग्नातलं नाचाचं गाणं सांगितलं. प्रेमराज ते ऐकून हसले, इतके की ठसका लागला.

गंमत अशी झाली की त्या शोधात रत्नाचा कान तयार होत गेला. कोणती बाई नाकात गाते, कोणती पोटातून गाते, हे तिला कळू लागलं. एक जण तिला फारच आवडायला लागली होती. ती कांदा चिरताना तिचं गाणं तोंडात घोळवायची. पण हे तिने कुणाला सांगितलं नाही.

शेवटची रेकॉर्ड वाजून झाली आणि तीही ती नव्हती. रत्ना पलंगावर बसली. "अहो, मग आहे कुठे ती? आपल्या घरात आहे का?"

प्रेमराजने मान हलवली. नाही.

"मग कुठे?"

त्यांनी सगळा जोर लावला. मानेच्या शिरा ताठ झाल्या. "धु... धु..."

"धुऊ?" रत्ना लगबगीने उठली. "हात धुवायचेत? थांबा." तिने तांब्या आणि घमेलं आणलं आणि त्यांचे दोन्ही हात स्वच्छ धुतले.

प्रेमराज डोळे विस्फारून बघत राहिले. "धु! धु!"

"तोंडही धुऊ का?" तिने ओलं फडकं त्यांच्या तोंडावरून फिरवलं.

त्यांनी डाव्या हाताने फडकं हिसकावलं आणि जमिनीवर आपटलं. मग बायकोच्या घाबऱ्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि त्यांना हसू फुटलं. अर्ध्या ओठांनी, खांदे गदागदा हलवत. हेमांगी दारात आली तर आईबाप दोघंही हसतायत आणि पलंगभर पाणी.

"आई," हेमांगी म्हणाली, "धुळं म्हणत असतील."

प्रेमराजने इतक्या जोरात मान डोलावली की चष्मा खाली पडला.

धुळं म्हटल्यावर रत्नाच्या लक्षात आलं. धुळ्याला एकच माणूस होता. त्याला ती कधी भेटली नव्हती, पण त्याचं नाव या घरात कायम एकाच विशेषणासकट घेतलं जायचं. धुळ्याचा चोर.

ज्ञानचंद छाजेड. आग्रा रोडला त्यांचं कापडाचं दुकान. पुण्यात कॉलेजात असताना त्यांच्या होस्टेलवर आफ्रिकेतून शिकायला आलेला एक मुलगा होता. त्याच्या खोलीत त्यांना सोलचा नाद लागला तो लागलाच. सगळ्या खानदेशात या गाण्यांचे दोनच वेडे, एक जळगावचा आणि एक धुळ्याचा. त्यांची गाठ पडली आणि मग दर महिन्याला प्रेमराजची धुळ्याला फेरी ठरलेली. मैत्री अशी की एकमेकांना बायकोपेक्षा जास्त सांगायचे. त्यातच घात झाला. भुसावळच्या एका म्हाताऱ्या ड्रायव्हरच्या विधवेने प्रेमराजला एक छोटी रेकॉर्ड ऐकवली. ओडेला ग्रिम्स नावाच्या, कुणाला ठाऊक नसलेल्या बाईची. ती म्हणाली, रविवारी या, बाकीच्याही शोधून ठेवते, सगळ्या एकदम घेऊन जा. प्रेमराज आनंदाने वेडे झाले आणि त्यांनी ज्ञानचंदला फोन केला. रविवारी ते भुसावळला पोचले, तेव्हा ती बाई म्हणाली, तुमचे मित्र कालच कारने येऊन घेऊन गेले. तुम्हीच पाठवलंत म्हणाले.

त्यानंतर प्रेमराज धुळ्याला गेले नाहीत. ज्ञानचंदचा फोन आला तर उचलला नाही. मग फोन यायचेही थांबले. ही गोष्ट हेमांगीच्या लग्नाच्याही आधीची.

रत्ना दुसऱ्याच दिवशी एसटीत बसली. हेमांगी म्हणत होती, फोन कर. रत्ना म्हणाली, "फोन ठेवून देता येतो. दारात आलेल्या बाईला घालवता येत नाही." एरंडोल गेलं, पारोळा गेलं. खिडकीतून गरम वारा तोंडावर येत होता आणि ती ओढणीसारखा पदर गुंडाळून मनातल्या मनात चाल घोकत होती, विसरू नये म्हणून.

दुकानात लग्नसराईची गर्दी होती. काउंटरवर ज्ञानचंदचा मुलगा होता, तरुण नावाचा. गल्ल्याच्या मागे पांढऱ्या सदऱ्यातले एक गोरे, स्थूल गृहस्थ बसले होते.

"ज्ञानचंदभाऊ तुम्हीच का?" रत्नाने विचारलं. "मी जळगावहून आले. प्रेमराज पाटलांच्या घरून."

त्यांचा चेहरा ताठरला. "त्याने पाठवलं?"

"ते कुणाला कुठे पाठवत नाहीत आता."

"भाभी, ती रेकॉर्ड मी देणार नाही. आधीच सांगतो. इतकी वर्षं बोलला नाही, आता तुम्हाला पुढे करतोय."

"मी रेकॉर्ड मागायला नाही आले," रत्ना म्हणाली. "मला फक्त सांगा, ती हीच का." आणि तिथे, शालू बघणाऱ्या बायकांच्या मधे, कापडाच्या ढिगाऱ्यासमोर उभी राहून तिने ती चाल गुणगुणली. गिऱ्हाइकं वळून बघायला लागली. तरुणच्या हातातला मापाचा गज तसाच राहिला. चाल खाली उतरत गेली, मग चढायला लागली, आणि प्रेमराज जिथे अडायचे तिथे रत्नाही अडली. "याच्या पुढचं त्यांना आठवत नाही," ती म्हणाली. "माघापासून बोलता येत नाही त्यांना. अर्धांग झालं. बोलता येत नाही, पण गाता येतं. हे एवढंच गातात आणि रडतात."

ज्ञानचंद गल्ल्यावरून उठले, रत्नाच्या समोर आले आणि अडलेल्या जागेपासून पुढची चाल त्यांनी म्हटली. त्यांच्या जाड्या आवाजात, डोळे मिटून, शेवटपर्यंत. एका बाईने आपल्या सासूला कोपराने ढोसलं.

"एकदाच ऐकलं होतं त्याने हे," ज्ञानचंद म्हणाले. "त्या म्हातारीच्या घरी. एकदा ऐकून अर्ध्यापर्यंत लक्षात ठेवलं त्याने." आणि ते तिथेच गिऱ्हाइकांच्या स्टुलावर बसले.

वरच्या मजल्यावर त्यांची बायको हीराबाई होती. तिने रत्नाला पाणी दिलं, जेवायला बसवलं, तव्यावरचा फुलका वाढताना म्हणाली, "मी तेव्हाच म्हटलं होतं यांना, जाऊन दे ती त्याची त्याला. तर म्हणे, रागावलाय, थोडा शांत होऊ दे. शांत होता होता दोघंही म्हातारे झाले."

"तुम्ही ऐकता का ती?" रत्नाने ज्ञानचंदना विचारलं.

त्यांनी फुलक्याचा तुकडा मोडला. "सुरुवातीला ऐकली. मग नाही. लावली की त्याचा चेहरा दिसायचा. एकटं ऐकायला मजा येत नाही हो. शेजारी कुणीतरी लागतं, आता बघ, आता बघ, असं म्हणायला."

रत्ना निघताना रेकॉर्ड तिच्या हातात द्यायला ते तयार नव्हते. "या उन्हात एसटीत? वाकून जाईल ती. मी घेऊन येतो. एसीच्या गाडीतून." मग घुटमळले. "पण भाभी, तो मला दारातून हाकलून देईल."

"देऊ देत की," रत्ना म्हणाली. "हाकलायला तरी तोंड उघडतील."

रविवारी सकाळी गाडी आली. तरुण चालवत होता, मागे हीराबाई, आणि तिच्या शेजारी ज्ञानचंद, दोन उशांमध्ये धरलेली ती छोटी रेकॉर्ड मांडीवर घेऊन. रत्नाने प्रेमराजला काही सांगितलं नव्हतं. त्यांची दाढी करून स्वच्छ सदरा घातला होता आणि खुर्चीत बसवलं होतं.

ज्ञानचंद दारात उभे राहिले. प्रेमराजने पाहिलं. चेहरा लाल झाला आणि त्यांनी मान भिंतीकडे फिरवली.

"प्रेम्या," ज्ञानचंद म्हणाले. "कसा आहेस?"

भिंतीकडची मान तशीच. हीराबाईने नवऱ्याला पाठीमागून ढकललं. ते आत आले. कपाटाकडे बघितलं, काचेखालच्या तिकिटाकडे बघितलं. त्यांना काय करावं सुचेना, तेव्हा ते प्लेयरकडे गेले. असा प्लेयर त्यांच्या हाताच्या सवयीचा होता. कव्हरातून रेकॉर्ड काढली, फुंकर घातली, चकतीवर ठेवली. भिंतीकडे वळलेल्या चेहऱ्यातला एक डोळा हळूच इकडे आला होता. रत्नाने तो पाहिला.

ज्ञानचंदची नजर खुर्चीकडे होती. सुईची दांडी उचलली आणि ती रेकॉर्डवर टेकवताना निसटली. करर्र असा आवाज झाला.

"हळू!" खुर्चीतून आवाज आला. "हळू ठेव... चोर!"

शब्द स्वच्छ होते. चालीशिवाय, गाण्याशिवाय, एका माणसाने दुसऱ्या माणसाला म्हटलेले. हेमांगीने तोंडावर हात ठेवला. रत्ना पलंगाच्या कडेवर बसली.

ज्ञानचंद वळले. त्यांच्या गालांवरून पाणी वाहत होतं. "परत म्हण," ते म्हणाले. "प्रेम्या, परत म्हण."

"चोर," प्रेमराज म्हणाले. स्वतःच चकित होऊन. मग जरा चव घेत, "चोर. चोर शे तू."

"शे," ज्ञानचंद म्हणाले. त्यांना अहिराणी नीट येत नव्हती, पण एवढं आलं. "मीच शे."

मग त्यांनी सुई नीट ठेवली आणि प्रेमराजच्या खुर्चीशेजारी जमिनीवरच बसले. ओडेला ग्रिम्स गायला लागली. तिचा आवाज जाडसर होता, पहाटे उठून राबणाऱ्या बाईचा. चाल उतरत गेली, आणि चढायच्या जागी आली तेव्हा ज्ञानचंदने मित्राच्या गुडघ्यावर हात ठेवला. "आता बघ," ते पुटपुटले. प्रेमराज गात होते. या वेळी ते अडले नाहीत. तिच्याबरोबर वर चढले, आवाज फाटला, तरी गात राहिले, आणि गाणं संपल्यावर डाव्या बोटाने खूण केली, परत.

दुपारपर्यंत ते गाणं किती वेळा वाजलं, ते त्यांचं त्यांनाच ठाऊक. पाहुणे जैन, म्हणून रत्नाने कांदा-लसूण न घालता शेवभाजी केली. प्रेमराजने एक घास खाल्ला आणि ज्ञानचंदकडे बघून तोंड वेडंवाकडं केलं, तुझ्यामुळे हे खावं लागतंय, अशा अर्थाने. तरी भाकरी नेहमीपेक्षा जास्त गेली.

निघताना ज्ञानचंदने रेकॉर्ड कपाटात ठेवायला घेतली. प्रेमराजने मान हलवली. नाही. कूलरकडे बोट दाखवलं, मग वर तळपत्या उन्हाकडे, मग ज्ञानचंदच्या गाडीकडे. बऱ्याच वेळाने रत्नाला उलगडलं. उन्हाळाभर ती धुळ्यालाच राहू दे, तुझ्याकडे एसी आहे. थंडी पडली की इकडे आण. ज्ञानचंदने त्यांचा लुळा हात दोन्ही हातांत धरला.

त्यानंतर सगळं सुरळीत झालं असं नाही. प्रेमराजचं बोलणं तुटकच राहिलं. काही शब्द आले, काही गेले. नातवाचं नाव अजून येत नाही, त्याला ते "ए" म्हणतात. पण ज्ञानचंद समोर असले की शब्द जरा बरे सुचतात, कारण भांडायला शब्द लागतात. सारिकाने आपल्या वहीत "वाद घालणे" हा व्यायाम लिहिला आणि ज्ञानचंदना सांगितलं, महिन्यातून दोनदा तरी या. ते चारदा येतात. कोणती गायिका मोठी यावरून दोघं असे भांडतात की बेबाबाई बघायला येतात.

दिवाळीनंतर रत्ना एका लग्नाला भुसावळला गेली होती. येताना स्टेशनजवळच्या भंगाराच्या दुकानापुढे ती थांबली. दुकानदार पाटील साहेबांची चौकशी करू लागला, आणि बोलता बोलता तिने पुढ्यातला रेकॉर्डींचा गठ्ठा चाळला. एका कव्हरवर एक काळी, रुंद चेहऱ्याची बाई होती. कमरेवर हात, नजर समोरच्याला जाब विचारणारी. रत्नाला ती बघताच आवडली. आतली रेकॉर्ड तिने उजेडात तिरकी धरून पाहिली, चरे कुठे आहेत ते बोटाने नाही, डोळ्यांनी शोधले, आणि पिशवीत टाकली.

घरी दोघं जण बसलेच होते. ती रेकॉर्ड बघून प्रेमराजने भुवया उंचावल्या. ज्ञानचंदने चष्मा पुसून कव्हर वाचलं, उलटं करून वाचलं. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. ही बाई दोघांनाही माहीत नव्हती.

रत्नाने स्वतः ती लावली. पहिल्या ओळीलाच ज्ञानचंद पुढे सरकून बसले. प्रेमराजचं तोंड उघडं राहिलं. गाणं संपलं.

"भाभी," ज्ञानचंद घसा खाकरून म्हणाले, "ही मला द्याल का? म्हणजे, माझ्याकडची कुठलीही घ्या बदल्यात."

"माले!" प्रेमराज म्हणाले. "माले दे!"

रत्नाने रेकॉर्ड काढून कव्हरात घातली, काखेत धरली आणि चहा टाकायला आत गेली. स्वयंपाकघरातून तिचा आवाज आला, "कुणी हात लावायचा नाही. माझी आहे ती."